काळे हात आणि गाडीचे पॅकिंग

मोटारसायकल रात्री जिथे उभी केली तिथे सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला, तर बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर त्या डागावर मूठभर माती टाकली जाते, नाहीतर गाडी गॅरेजवर नेऊन "बघ बाबा काय ते" असे म्हणून मालक मोकळा होतो. गाडी आपली, तिचे हप्ते आपण भरलेले, तिच्यावर आपली लेकरे बसतात. पण तिच्या पोटात काय चालले आहे हे आपण पाहत नाही. या साध्या गोष्टीवर आज लिहावेसे वाटले, कारण अशाच एका तेलाच्या डागावरून आमच्या घरात जो वाद झाला तो नुसता गाडीचा नव्हता. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत तो कधी ना कधी होतो.

आपल्या वस्त्यांमध्ये मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कारखान्याची रात्रपाळी, आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, जयंतीच्या कार्यक्रमाला वक्त्यांना स्टेशनवरून आणणे, ही सगळी कामे तिच्यावरच होतात. मी मनमाडला राहतो. कचेरी सुटल्यावर आणि रविवारी समाजाच्या कामासाठी आसपासच्या गावांत जावे लागते. येवल्याच्या मुक्तिभूमीवरचा कार्यक्रम असो, की वर्षावासातील ग्रंथवाचन, आमची जुनी स्प्लेंडरच सोबतीला असते. अशी गाडी तेल गाळू लागली की केवळ अंगण घाण होत नाही. इंजिनातले तेल कमी झाले तर आतले भाग कोरडे घासतात आणि इंजिन जाम होते. तेलाचा थेंब मागच्या टायरवर गेला तर वळणावर गाडी घसरते. घरातला कमावता माणूस त्या गाडीवर असतो, हे विसरून चालत नाही.

मोटारगाडीच्या इंजिनाखाली तेलाचे वेगळे तसराळे असते, त्याला ऑइल पॅन म्हणतात. आपल्या शंभर सीसीच्या गाड्यांना असे वेगळे तसराळे नसते. तेल इंजिनाच्या तळाशीच साठते आणि उजव्या बाजूचे मोठे कव्हर, ज्याला सगळे क्लच कव्हर म्हणतात, ते त्या साठ्याची जणू एक भिंतच असते. भिंत आणि इंजिन यांच्यामध्ये जाड कागदासारखे पातळ पॅकिंग असते. दोन धातू कितीही गुळगुळीत असले तरी त्यांच्यात बारीक फट राहतेच. ती फट पॅकिंग भरून काढते. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन ते कडक होते, तडकते, आणि मग तेल पाझरू लागते.

आमच्या गाडीचे कारण जरा वेगळे होते. मागच्या पावसाळ्यात क्लच प्लेटा बदलण्यासाठी ती एका गॅरेजात दिली होती. तिथल्या कारागिराने नवे पॅकिंग टाकण्याऐवजी जुनेच पुन्हा बसवले आणि वरून सोल्युशनचा थर दिला. दोन महिन्यांत थेंब सुरू झाला.

आमच्या वस्तीत एक मिस्त्री आहेत. पन्नाशीचे, शाळा सातवीपर्यंत. लहानपणी मालेगावच्या एका मुस्लिम उस्तादाच्या हाताखाली शिकले. ते संध्याकाळी घराकडे आले, "जयभीम दादा" म्हणाले, गाडीखाली वाकून बोट फिरवले आणि म्हणाले, "दादा, पॅकिंग गेलंय. गाडी लावून जा, उद्या करून देतो. नाहीतर असं करा, रविवारी मी येतो, पाने मी आणतो, काम तुम्ही करा. मी नुसता सांगतो."

मी दुसरी गोष्ट मान्य केली आणि तिथेच वादाला तोंड फुटले. माझा पुतण्या पदवीधर आहे. तीन वर्षांपासून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. तो ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही आता अंगणात बसून मेकॅनिकचं काम करणार? लोक काय म्हणतील? आपल्या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या हात काळे करण्यात गेल्या. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते पुन्हा हात काळे करायला का? उद्या हेच म्हणतील, तुम्ही पाने फिरवा, खुर्च्या आम्ही सांभाळतो."

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. 'तुमच्या मुलांनी धंदेशिक्षण घ्यावे, मोठ्या शिक्षणाच्या नादी लागू नये' असा साळसूद सल्ला आपल्याला अनेकदा मिळतो. सल्ला देणाऱ्याची स्वतःची मुले मात्र डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या शिकवण्यांना जात असतात. अशा सल्ल्यापासून सावध राहिलेच पाहिजे. आणि जी कामे जातीने आपल्या गळ्यात बांधली, माणसाची विष्ठा उचलण्यासारखी, ती तर कोणत्याही नावाने गौरवण्याजोगी नाहीत. त्यासाठी १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, आणि तरीही गटारात उतरून माणसे मरतात. त्या कामाला कौशल्य म्हणणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे.

पण पुतण्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, शेजारीच बसले होते. ते रेल्वेत गँगमन म्हणून निवृत्त झाले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "हात माझेही काळे झाले. पण इंजिन आतून कसं असतं, ते मला कुणी कधी दाखवलं नाही."

दादांचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. कारण ज्या मनमाडमध्ये आम्ही बसलो होतो, तिथेच फेब्रुवारी १९३८ मध्ये जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी याच परिषदेत बजावले. हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाची जी फोड केली ती आपण फारशी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. रेल्वेच्या कारखान्यांतही त्याच्या वाट्याला हमाली येते, कारागिराची जागा क्वचितच मिळते, ही त्यांची तक्रार होती. मुंबईच्या कापड गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. का, तर बॉबीन बदलताना धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याला विटाळ होई! कमी पगाराचे सूतकताईचे खाते मात्र आपल्याला मोकळे होते.

म्हणजे आपल्या बापजाद्यांवर अन्याय झाला तो हात काळे झाले एवढ्यापुरता नव्हता. कष्ट त्यांच्या अंगावर टाकले आणि त्या कष्टामागची विद्या मात्र दुसऱ्यासाठी राखून ठेवली. ऑफिसची खुर्ची जशी नाकारली, तसाच कारागिराचा हुद्दाही नाकारला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात जातीला श्रमिकांची विभागणी म्हटले, त्याचा अर्थ मला त्या दिवशी अंगणात नव्याने उमगला. डोके चालवणारा वेगळा आणि हात चालवणारा वेगळा, आणि हात चालवणारा हलका, ही ती विभागणी. शिकून-सवरून आपणच जर पाना धरणाऱ्याला हलका समजू लागलो, तर ती विभागणी आपण आपल्याच घरात आणली असे होईल.

रविवारी सकाळी मिस्त्री पिशवी घेऊन आले. नवे पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा नवा वायसर आदल्या दिवशी आणून ठेवला होता. दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आसपास खर्च झाला.

काम सुरू करण्याआधी त्यांनी एक गोष्ट शिकवली. गळती दिसते तिथून होतेच असे नाही. चालत्या गाडीच्या वाऱ्याने तेल मागे आणि खाली पसरते. म्हणून आधी इंजिन धुऊन कोरडे करायचे, त्यावर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरायची, गाडी थोडी चालवायची आणि पावडर पहिल्यांदा कुठे ओली होते ते बघायचे. कधी दोष फक्त ड्रेन बोल्टच्या वायसरचा असतो, कधी किकच्या दांड्याच्या ऑइल सीलचा. तसे असेल तर कव्हर खोलायची गरजच नसते. आमच्या गाडीत कव्हरच्या सांध्यावरच ओल उमटली, तेव्हा निदान पक्के झाले. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हा कालामांना केलेला भगवान बुद्धांचा उपदेश आपण विहारात ऐकतो. तो इंजिनालाही लागू पडतो!

गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. दोन-तीन मिनिटे चालू ठेवून इंजिन कोमट केले, म्हणजे तेल पातळ होऊन नीट उतरते. फार तापले तर हात भाजतो. खाली घमेले ठेवून ड्रेन बोल्ट काढला आणि काळेभोर तेल उतरू दिले. मग किक काढली, खालचे पायदान सोडवले, क्लचची वायर सोडली आणि आठ नंबरच्या टी पान्याने कव्हरचे बोल्ट एकेक करून ढिले केले.

माझी मुलगी अकरावीत आहे. मिस्त्रींनी तिला एक पुठ्ठा दिला आणि कव्हरचे चित्र काढायला सांगितले. जो बोल्ट जिथून निघाला, त्या जागी पुठ्ठ्याला भोक पाडून तो खोचायचा. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पप्पा, सगळे बोल्ट सारखे नाहीत. दोन लांब आहेत." मिस्त्री खूश झाले. म्हणाले, "पोरी, हेच तर बघायचं असतं. लांब बोल्ट आखूड भोकात घुसवला की कव्हर फुटतं नाहीतर आटे जातात. मग शंभराचं काम हजारावर जातं."

कव्हर चिकटून बसले होते. अशा वेळी सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. तो टाळायचा, कारण कव्हर ॲल्युमिनियमचे असते. त्यावर एक खाच पडली की नवे पॅकिंगही गळते. लाकडी ठोकळ्याने कडेकडेने हलके ठोकले तेव्हा कव्हर सुटले. दोन्ही बाजूंना जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि आधीच्या कारागिराच्या सोल्युशनचे पापुद्रे चिकटले होते. ते खरवडण्यात दीड तास गेला. खरे काम हेच. ब्लेड आडवे धरून, धातूला ओरखडा न पडता, बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत साफ करायचे. तुकडे आत पडू नयेत म्हणून मिस्त्रींनी चिंध्या लावून ठेवल्या. तळाशी तेलाची बारीक जाळी असते, ती बाहेर काढली तर तिच्यातही सोल्युशनचा एक तुकडा अडकलेला निघाला. ही जाळी बंद झाली तर तेल वर चढत नाही आणि नवे-जुने कोणतेही इंजिन खलास होते. "जास्त सोल्युशन म्हणजे जास्त काळजी नव्हे," मिस्त्री म्हणाले. जाळी डिझेलमध्ये धुतली, सांधा पेट्रोलच्या फडक्याने पुसला. पेट्रोल उघड्यावर आणि विस्तवापासून लांब वापरायचे, आणि तेव्हा जवळ कुणी विडी ओढायची नाही, ही ताकीदही मिळाली.

आतल्या भागात अंधार होता. मिस्त्रींनी "कुणीतरी बॅटरी धरा" म्हणून हाक दिली, तेव्हा ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला पुतण्या उठून आला. कुणी काही बोलले नाही. क्लचच्या प्लेटा कुठल्या, किकचा दात कुठला, हे मिस्त्री दाखवत होते आणि तो वाकून पाहत होता. थोरले दादाही चष्मा लावून आले आणि बराच वेळ त्या उघड्या इंजिनाकडे पाहत राहिले.

नवे पॅकिंग कोरडेच ठेवले. कव्हर नेमक्या जागी बसावे म्हणून दोन पोकळ खिट्ट्या असतात, त्या हरवल्या नाहीत ना ते पाहिले. कव्हर हाताने अलगद दाबून बसवले आणि सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवले. मग समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. एकच बाजू आधी पक्की केली तर दुसरी बाजू उचलली जाते. पॅकिंगवरचा दाब सगळीकडे सारखा पडला पाहिजे. ताकद दाखवायची नाही. सहा मिलिमीटरच्या बोल्टला मनगटाचा जोर पुरे. संस्था-मंडळांत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे विशेष पटले. एकाच माणसाला आवळत गेले की दुसऱ्या बाजूने गळती सुरू होते, हा आपला नेहमीचा अनुभव!

तेल भरायच्या वेळी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घडली. मिस्त्री सवयीने डबा पूर्ण ओतायला निघाले. पुतण्याने गाडीचे माहितीपुस्तक कपाटातून शोधून आणले होते. ते इंग्रजीत आहे. त्याने वाचून सांगितले की तेल १० डब्ल्यू ३० ग्रेडचे हवे, नुसते तेल बदलताना माप वेगळे आणि इंजिन खोलले असेल तेव्हा वेगळे. तेल जास्त झाले तर आत दाब वाढून तेच तेल सीलमधून बाहेर येते, हे मिस्त्रींना ठाऊक होते. मापाची ही दोन कलमे मात्र त्यांना कुणी वाचून दाखवली नव्हती. ते म्हणाले, "बाळा, तीस वर्षं अंदाजानं भरतोय. माझ्या दुकानात येऊन बाकीच्या गाड्यांचंही एवढं लिहून देशील का?"

तेल मापाने भरले, गाडी तीन मिनिटे चालू ठेवली, बंद केली, दोन-तीन मिनिटे थांबून पट्टी पुसून पाहिली. पट्टी आटे न फिरवता नुसती आत टेकवून पाहायची असते, हेही पुस्तकातच होते. तेल दोन खुणांच्या मध्ये होते. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाहिले. सांधा कोरडा होता आणि अजूनही कोरडा आहे.

काळे तेल गटारात ओतायचे नाही. ते पाण्यावर पसरते, जमिनीत मुरते. जुन्या डब्यात भरून मिस्त्रींकडे दिले. जुने तेल जमा करणारे ते घेऊन जातात. हातही साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण वापरलेले तेल कातडीला वारंवार लागणे घातक असते. मिस्त्रींना आम्ही त्यांची पूर्ण मजुरी दिली. ते नको म्हणत होते. पण शिकवणे हेही काम आहे आणि आपल्या माणसाचे काम म्हणून ते फुकट घ्यायचे, ही रीत बरी नव्हे.

पुतण्याचे मत पालटले, असे मी लिहिणार नाही. तो आजही परीक्षेचा अभ्यास करतो आणि त्याने तो करावाच. अधिकाराच्या जागा आपल्याला हव्यातच. त्या मिळवण्याचा त्याचा हक्क कुणाच्या सल्ल्याने सोडण्यासारखा नाही. मात्र आठवड्यातून एक संध्याकाळ तो मिस्त्रींच्या दुकानात जातो. वहीत गाडीगणिक तेलाचे माप, वायसरचे नंबर, बोल्टच्या लांबी मराठीत उतरवतो. मिस्त्रींचा हात आणि त्याची वही एका बाकड्यावर आली आहेत. आपल्यापासून शतकानुशतके जे दूर ठेवले ते हेच, असे मला वाटते. पुस्तक एकाकडे, हत्यार दुसऱ्याकडे, आणि दोन्ही एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कारागिरांच्या तंत्रशिक्षणाचे काम त्याच खात्याकडे होते. तेच बाबासाहेब आपल्या मुलांनी उच्च शिक्षण घ्यावे म्हणून १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे करतात. त्यांच्या मनात या दोन गोष्टींचे भांडण नव्हते. ते आपणही लावू नये.

म्हणून समाजबांधवांना आणि विशेषतः महिला मंडळांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या विहारात ग्रंथांचे कपाट असते. त्याच्या शेजारी एक हत्यारांची पेटी ठेवावी. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा नंबरचे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, लाकडी ठोकळा, घमेले, विजेचा टेस्टर, एवढ्याने सुरुवात होते. महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतल्या एखाद्या मिस्त्रीला, वायरमनला, नळ जोडणाऱ्याला मानाने बोलवावे, त्याला मानधन द्यावे, आणि मुलांइतक्याच मुलींना पुढे बसवावे. आमच्या विहारात हे सुरू केले आहे. पहिल्या वर्गाला अकरा जण आले, त्यांत चार मुली. दुसऱ्या वर्गात शिलाई मशीनचे तेलपाणी घेतले आणि ते एका भगिनीने शिकवले.

तुमच्या विहारात अशी पेटी ठेवली तर या पानाकडे जरूर कळवा. आमच्याकडची वही तयार होत आली आहे. हवी त्याला तिची नक्कल पाठवू.

जयभीम!